ग्रामोफोनचा जनक आणि बाळाचे दूध

जुने ग्रामोफोन जमवणाऱ्यांच्या जगात एका लहानशा यंत्राला मोठा मान आहे. दिसायला ते अगदी साधे असते. खाली ओतीव लोखंडाची बैठक, वर तळहाताएवढी तबकडी, एक छोटा कर्णा आणि बाजूला हाताने फिरवायचे हँडल. जर्मनीतल्या वाल्टर्सहाउझेन या गावात बाहुल्या बनवणारा केमर उंड राइनहार्ट नावाचा कारखाना होता. त्याने १८९० च्या आसपास हे यंत्र खेळणे म्हणून बाजारात आणले. खेळण्याचे जे होते तेच त्याचे झाले. मुलांनी ते फिरवले, पाडले, मोडले आणि मोठ्यांनी फेकून दिले. म्हणून आज त्यातली फार थोडी यंत्रे शिल्लक आहेत आणि संग्राहक त्यांच्या शोधात असतात.

इथे एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे अनेकांच्या आजोळी माळ्यावर ग्रामोफोन असे आणि त्यालाही हँडल असे. पण ते हँडल म्हणजे चावी. ते फिरवले की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि मग ती स्प्रिंग सावकाश सुटत तबकडी फिरवते. या पहिल्या यंत्रांत स्प्रिंगच नव्हती. हात फिरेल तशी आणि तेवढीच तबकडी फिरायची. मिनिटाला साधारण ७० फेरे, तेही एकसारखे, हे हातानेच सांभाळायचे. हात मंदावला की सुईखालून खाचा सावकाश सरकतात, दर सेकंदाची कंपने कमी होतात आणि गाणारी बाई पुरुषी आवाजात गाऊ लागते. हात जोरात फिरला की तोच आवाज चिरका होतो. मुंबईच्या चोर बाजारात पितळी कर्ण्याचे, सुटे भाग जोडून तयार केलेले ग्रामोफोन दिसतात. त्यांचा आणि या यंत्रांचा काही संबंध नाही.

आरोग्याच्या सदरात ग्रामोफोन कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. कारण असे, की हे यंत्र ज्यांनी शोधले, त्या एमिल बर्लिनर यांनी आयुष्याची शेवटची जवळजवळ तीस वर्षे एका वेगळ्याच कामाला वाहिली होती. ते काम म्हणजे लहान मुलांच्या पोटात जाणारे दूध शुद्ध असावे यासाठीची धडपड. यंत्रामुळे त्यांचे नाव राहिले. दुधाचे काम मात्र बहुतेकांना ठाऊक नाही.

दुकानातला मुलगा

बर्लिनर यांचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी आणि धर्मग्रंथांचे अभ्यासक, आईला संगीताची आवड. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि छापखान्यात, कापडाच्या दुकानात अशी कामे सुरू झाली. १८७० मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, ते अमेरिकेला गेले. वॉशिंग्टनमध्ये ओळखीच्या एका माणसाच्या दुकानात नोकरी मिळाली. तिथून न्यूयॉर्क. दिवसा मिळेल ते काम आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञानाचा अभ्यास, असा क्रम होता. याच काळात ते एका प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम करत. ती प्रयोगशाळा कॉन्स्टन्टिन फालबर्ग यांची. मधुमेही रुग्णांना परिचित असलेले सॅकरिन पुढे ज्यांच्या हाती लागले, तेच हे रसायनशास्त्रज्ञ.

बर्लिनर यांच्याकडे पदवी नव्हती. पण एखादी साधी गोष्ट पाहून तिच्यामागचे तत्त्व ओळखण्याची नजर होती. टेलिग्राफ शिकत असताना त्यांना कुणीतरी सांगितले, की कळ नुसती टेकवू नकोस, जोर देऊन दाब. जोर दिला की वीज जास्त वाहते. इतरांनी ही सूचना ऐकून सोडून दिली असती. बर्लिनर यांनी विचार केला, की दोन धातूंच्या सैल स्पर्शावर आवाजाच्या लहरींनी कमी-जास्त दाब आणला, तर वीजही तशीच कमी-जास्त होईल. १८७७ मध्ये त्यांनी या तत्त्वावर टेलिफोनसाठी मायक्रोफोन तयार केला. बेल यांचा टेलिफोन तेव्हा नुकताच आला होता आणि त्यात बोलणाऱ्याला अक्षरशः ओरडावे लागे. बेल कंपनीने बर्लिनर यांना नोकरीत घेतले. या पेटंटवरून पुढे वीस वर्षे वाद चालला आणि १८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो त्यांच्या बाजूने निकाली निघाला.

एक मूळ, हजार प्रती

एडिसन यांनी १८७७ मध्येच फोनोग्राफ केला होता. त्यात आवाज नळकांड्यावर उमटत असे आणि सुई वर-खाली हालत असे. अडचण ही होती, की या नळकांड्यांच्या भराभर प्रती काढता येत नसत. गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा गाऊन नवी नळकांडी भरावी लागत.

बर्लिनर यांनी दोन बदल केले. नळकांड्याऐवजी सपाट तबकडी घेतली आणि सुई वर-खाली हलण्याऐवजी डावी-उजवीकडे हलेल अशी व्यवस्था केली. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. आवाजाने थरथरणारी सुई त्या थरात नागमोडी रेघ काढते. मग पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण निघाले तिथेच आम्ल पत्रा खाते आणि रेघेची कायमची खाच होते. या पत्र्यावरून उलटा ठसा तयार करायचा आणि त्या ठशाने कठीण रबरावर हव्या तितक्या तबकड्या छापायच्या. पुस्तक छापतात तसेच. १८८७ मध्ये त्यांनी ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखवले.

पुढच्या वर्षी ते यंत्र घेऊन जर्मनीला गेले आणि तिथल्या खेळण्याच्या कारखान्याने ते बनवायला घेतले. त्या पहिल्या तबकड्यांचा आवाज खरखरीत होता. त्यांवर बालगीते, आकडे, प्रार्थना असे ऐकणाऱ्याला पाठ असलेलेच मजकूर असत. त्यातल्या काहींवरचा आवाज खुद्द बर्लिनर यांचाच मानला जातो. काही तबकड्यांच्या मागे शब्दांचा छापील कागद चिकटवलेला असे. यात एक शास्त्र आहे. आपण नुसत्या कानाने ऐकत नाही. कानाकडून अर्धवट आवाज आला, तर ओळखीच्या शब्दांच्या आधारे मेंदू गाळलेल्या जागा भरतो. कमी ऐकू येणारे आजोबा घरच्यांचे बोलणे समजतात आणि परक्याचे समजत नाहीत, ते यामुळेच. असा मागचा कागद शाबूत असलेली तबकडी सापडली, तर संग्राहकाला आनंद होतो.

१८९४ पासून अमेरिकेत सात इंचांच्या तबकड्या विकल्या जाऊ लागल्या. रबराच्या तबकड्या नीट छापल्या जात नसत, म्हणून लवकरच लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या आल्या. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळते आणि तेव्हा जगाला ती मुख्यत्वे भारतातूनच जात असे. पण हाताने फिरवण्याची कटकट उरलीच होती. कॅमडेन गावात यंत्रशाळा चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सन यांनी १८९६ मध्ये त्यावर स्प्रिंगची मोटर बसवली. त्या दिवसापासून हाताने फिरवायचा ग्रामोफोन जुना झाला आणि अडगळीत गेला. त्याचा काळ पाच-सात वर्षांचाच. आज तो दुर्मीळ आहे, त्याचे हेही एक कारण.

धंद्यात मात्र बर्लिनर यांना फटका बसला. ज्या विक्रेत्याला त्यांनी अमेरिकेतले हक्क दिले होते, त्याच्याशी तंटा झाला. १९०० मध्ये न्यायालयाच्या मनाई हुकमामुळे त्यांना स्वतःचा ग्रामोफोन स्वतःच्याच देशात विकता येईना. ते कॅनडात माँट्रियलला कारखाना घेऊन गेले. जॉन्सन यांनी १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढली, तिच्यात बर्लिनर यांचा हिस्सा राहिला. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अमेरिकेत ते व्यापारचिन्ह म्हणून १९०० मध्ये बर्लिनर यांनीच नोंदवले.

आपल्याकडच्या सर्वांत जुन्या तबकड्यांशीही त्यांचा संबंध पोहोचतो. त्यांच्याकडे तयार झालेले ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या मूळ प्रती बोटीने हॅनोव्हरला गेल्या. तिथे बर्लिनर बंधूंच्या कारखान्यात तबकड्या छापून परत आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघेपर्यंत असेच चालले. म्हणून त्या काळच्या भारतीय तबकडीवर हॅनोव्हरचे नाव दिसते.

घरातले आजारपण

धंद्याची ही धामधूम चालू असतानाच, एकोणिसावे शतक संपता संपता, बर्लिनर यांची तान्ही मुलगी पोटाच्या आजाराने अंथरुणाला खिळली. ती वाचली. पण आजार कशामुळे झाला, याचा शोध घेताना बर्लिनर दुधापाशी येऊन थांबले.

तेव्हाची परिस्थिती आज कल्पनेत येणार नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या काही शहरांत जन्मलेल्या शंभर मुलांपैकी तीसपर्यंत मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. उन्हाळा आला की तान्ह्या मुलांच्या जुलाबांची लाट येई. गोठे घाणेरडे, गायींना क्षयरोग, दूध उघड्या डब्यांतून तासन्तास प्रवास करून येई आणि बर्फाची सोय नसे. शहरात कामाला जाणाऱ्या आयांची मुले याच दुधाच्या बाटलीवर वाढत. वॉशिंग्टनमधले डॉक्टर जॉर्ज कोबर यांनी दुधातून पसरलेल्या विषमज्वर, घटसर्प, स्कार्लेट फीवर अशा साथींच्या नोंदी जमवल्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्राउस या व्यापाऱ्याने १८९३ पासून गरिबांसाठी पाश्चरीकरण केलेल्या दुधाची केंद्रे उघडली होती. ज्ञान होते, उपायही होता. पण तो घराघरांत पोहोचला नव्हता.

विरोधही होता, आणि तो अडाण्यांचाच होता असे नाही. दूध तापवल्याने त्यातले सत्त्व जाते, मुलांना स्कर्व्ही होतो, असे अनेक डॉक्टर म्हणत. दूधवाले तर विरोधात होतेच. पाश्चरीकरण म्हणजे घाणेरडे दूध खपवण्याची सोय, असाही एक आक्षेप होता.

बर्लिनर डॉक्टर नव्हते. त्यांनी डॉक्टरांना सोबत घेतले आणि आजार टाळण्यासाठी काम करणारी एक संस्था स्थापन केली. बरे करण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी. हा फरक तेव्हा नवा होता. मग त्यांनी वर्तमानपत्रांत छोट्या सूचना छापायला सुरुवात केली. कच्चे दूध मुलांना देऊ नका, तापवून द्या, भांडी स्वच्छ ठेवा, माश्या बसू देऊ नका. दोन-चार ओळी, सोपे शब्द, आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा. बाटलीवर वाढणाऱ्या बाळांच्या आयांसाठी पत्रके काढली. १९०७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दुधाविषयी परिषद भरली, तिच्यामागे त्यांचा पुढाकार होता. तिथे दुधाची प्रतवारी कशी असावी आणि कोणते दूध पाश्चरीकरणाशिवाय विकू नये, याचे निकष मांडले गेले. पुढच्याच वर्षी शिकागो शहराने पाश्चरीकरणाचा नियम केला आणि हळूहळू इतर शहरे त्या वाटेने गेली.

मुलांसाठी त्यांनी स्वच्छतेची बडबडगीते लिहिली आणि १९१९ मध्ये त्यांचे सचित्र पुस्तक काढले. न धुतलेल्या, चिखलाने माखलेल्या जिम नावाच्या मुलाचे त्यात गाणे आहे. १९२४ मध्ये आरोग्य शिक्षणासाठी त्यांनी स्वतंत्र संस्था उभी केली. क्षयरुग्णांच्या उपचारांसाठी वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली. विज्ञानात संशोधन करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी आईच्या, सारा बर्लिनर यांच्या, नावाने शिष्यवृत्ती ठेवली. प्रयोगशाळांची दारे तेव्हा स्त्रियांना जवळजवळ बंद होती. एवढे करून हेलिकॉप्टरचे आणि सभागृहातला घुमणारा आवाज शोषणाऱ्या फरशांचे प्रयोग चालूच होते.

ग्रामोफोन आणि आरोग्य ही त्यांची दोन कामे वेगळी वाटतात, पण मला त्यांत एकच पद्धत दिसते. गाणे एकदाच नीट मुद्रित करायचे आणि त्याच्या हजारो सारख्या प्रती घरोघरी पाठवायच्या, हे ग्रामोफोनचे तत्त्व. आरोग्याची सूचना एकदाच नीट, सोपी करून लिहायची आणि ती हजारो आयांपर्यंत पोहोचवायची, हे त्यांच्या आरोग्यकार्याचे तत्त्व. सार्वजनिक आरोग्याचे काम आजही असेच चालते. लसीकरण असो, जुलाबावर मीठ-साखर-पाणी असो वा हात धुणे असो, शोध एकदाच लागतो आणि सांगणे मात्र रोज करावे लागते.

आजचे दूध

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. सरकारी रुग्णालयात काम करताना महिनोन्महिने ताप, रात्री घाम आणि कंबरदुखी घेऊन फिरणारे रुग्ण भेटतात. तपासण्या होतात, औषधे होतात, ताप उतरून परत येतो. मग घरी जनावरे आहेत का आणि धारोष्ण दूध पिता का, असे विचारल्यावर उत्तर मिळते. असा ताप ब्रुसेल्ला जंतूंचा असू शकतो. कच्च्या दुधातून गायीचा क्षयरोगही माणसाला होतो. तो फुप्फुसांपेक्षा मानेच्या गाठी आणि आतडी यांत जास्त आढळतो. जुलाब घडवणारे इतर जंतू वेगळेच.

यावर उपाय स्वस्त आहे. पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ७२ अंशांना १५ सेकंद ठेवून झटकन थंड करतात. एवढ्याने हे रोगजंतू मरतात. दूध नासवणारे काही जंतू उरतात, म्हणून पिशवीतले दूधही फ्रीजमध्ये ठेवावे लागते. सुटे दूध घरी उकळी येईपर्यंत तापवावे, ही आपल्या आजी-आईची रीत शास्त्राला धरूनच आहे. तापवल्याने क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वे थोडी घटतात. प्रथिने आणि कॅल्शियम टिकतात. क जीवनसत्त्वासाठी दूध कुणी पीत नाही, त्यासाठी आवळा आणि पेरू आहेत. सध्या नैसर्गिक आहार म्हणून न तापवलेल्या दुधाची शिफारस करणारे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांतले आक्षेप बर्लिनर यांच्या काळातलेच आहेत. त्यांची उत्तरे तेव्हाच मिळालेली आहेत.

तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे आणि वर्षाच्या आत गायी-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी कच्चे दूध आणि त्याचे पदार्थ पूर्ण टाळावेत. जनावरांची वार हाताळणाऱ्या पशुपालकांनी हातमोजे वापरावेत, कारण ब्रुसेल्ला त्या वाटेनेही येतो.

बर्लिनर ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये वारले. त्यांची कागदपत्रे आणि तबकड्या अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. त्यातला बराच भाग इंटरनेटवर कुणालाही पाहता-ऐकता येतो. त्यांची हाताने फिरवायची यंत्रे संग्रहालयांत काचेमागे आहेत. दूध तापवून प्यायल्यामुळे जी मुले वाचली, त्यांचा असा कुठला संग्रह होऊ शकत नाही. आजार टाळण्याच्या कामाचे हेच वैशिष्ट्य आहे. जे घडले नाही ते दाखवता येत नाही, आणि म्हणून त्या कामाला माणसे आणि पैसा मिळवणे नेहमीच अवघड जाते.

आपल्या अंत्यविधीविषयी त्यांनी कुटुंबीयांना लिहून ठेवले होते. त्यावर मोठा खर्च करू नये, तो पैशाचा अपव्यय आहे. मुलीने पियानोवर बीथोवेनच्या मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग वाजवावा. सूर्यास्ताच्या सुमारास दफन करावे. आणि तान्ही मुले असलेल्या काही गरीब आयांना थोडे पैसे द्यावेत.